सहभागी क्रमांक सात

जगात माणसं दोनच प्रकारची, एक व्यसनी आणि दुसरे आपण, अशी सरांची अगदी प्रामाणिक समजूत होती. दारूचा थेंब नाही, सिगारेटचा धूर नाही, चहासुद्धा दिवसातून दोनदा आणि तोही अर्धा कप. औषधशास्त्राच्या कॉलेजात सत्तावीस वर्षं शिकवूनही एखाद्या गोळीशी त्यांनी कधी सलगी केली नव्हती. आता नाकात घालायचे थेंब तेवढे सोडा. पण ते काय व्यसन आहे? नाक चोंदतं, माणूस थेंब घालतो. नाक उघडतं, माणूस कामाला लागतो. उशीखाली एक बाटली, स्कूटरच्या डिकीत एक, कॉलेजच्या खणात एक, बाथरूमच्या फळीवर एक आणि खिशात एक, एवढाच काय तो पसारा. बायको कधीकधी म्हणायची, "अहो, ते नाक आहे की कुंडी?" सर तिकडे दुर्लक्ष करत.

तर अशा या सरांनी व्यसनावरच्या संशोधनासाठी अनुदान मिळवायचं ठरवलं.

त्याचं कारण कंपाउंडर. हा खरं तर कंपाउंडर नव्हे, औषधाच्या दुकानात काउंटरवर उभा राहणारा माणूस. पण सगळे त्याला कंपाउंडर म्हणत आणि तोही ओ देत असे. काउंटरवर उभं राहून राहून खोकल्याच्या औषधाची एक बाटली त्याने चाखली, मग दुसरी, आणि पुढे खोकला नसतानाही रोज चार-चार रिचवायला लागला. नोकरी गेली, बायको माहेरी गेली. त्यातून तो बाहेर पडला त्याला आता चार वर्षं झाली होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेमागे मोडके तराजू आणि रिकाम्या बरण्या ठेवायची एक खोली होती. सरांनी ती त्याला मिळवून दिली आणि तिथे दर गुरुवारी दुपारी तो अशाच लोकांची बैठक घ्यायला लागला. कुणी खोकल्याच्या औषधावाला, कुणी झोपेच्या गोळ्यांवाला, कुणी दुखण्याच्या. खोलीचा नियम एकच होता. दुसऱ्याचं कुणी सांगायचं नाही, ज्याचं त्याने सांगायचं.

जानेवारीत प्राचार्यांनी सरांना बोलावलं. "या खोलीत मंजूर झालेला प्रकल्प असेल तर खोली तुमची. नाहीतर एक जूनपासून तिथे झेरॉक्स मशीन बसेल."

सरांनी हे सांगितलं तेव्हा कंपाउंडर नुसती मान हलवत राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, बायको परत आलीय, तुम्हाला माहितीय. पण अजून बॅग उघडलेली नाही तिने. कपडे लागले की चेन थोडी उघडते, काढते, परत लावते. म्हणते, तुझं काहीतरी धड लागू दे, मग बघू."

"तुला मी प्रकल्पात नोकरी देतो," सर म्हणाले. "पगारी. अनुदान आणतोच." असं बोलून बसल्यावर माणसाला माघार घेता येत नाही, आणि सरांना तर मुळीच येत नसे.

विषय ठरला. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांचं व्यसन. सर खूश झाले, कारण या विषयावर कुणाचं लक्ष नव्हतं. लक्ष का नव्हतं ते पहिल्याच फोनला कळलं. अनुदान देणाऱ्या सरकारी संस्थेच्या आरोग्य विभागातला माणूस म्हणाला, "व्यसन ना? ते समाज विभागाकडे." समाज विभागातली बाई म्हणाली, "औषध ना? ते आरोग्याकडे." सरांनी पुन्हा आरोग्याला फोन लावला. तो म्हणाला, "दारू असती तर घेतलं असतं हो आम्ही." त्याच्या आवाजात खरी हळहळ होती. सर दारूवर संशोधन करत नाहीत याचं त्याला मनापासून वाईट वाटलेलं दिसलं.

शेवटी अर्ज संगणकावरच भरायचा आणि विषय यादीतून निवडायचा, असं ठरलं. यादीत कोळंबी होती, कोळसा होता, जुने पूल होते. सरांचा विषय नव्हता. "इतर" वर बोट ठेवलं की पान बंद पडायचं. तीन दिवस सर सकाळी उठून "इतर" दाबत होते. चौथ्या दिवशी पान उघडलं आणि सरांनी असा आनंद केला की बायको स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं, नाक सुटलं.

एव्हाना इमारतीत बातमी पसरली होती. बातमीने जिना चढता चढता आपलं रूप थोडं बदललं होतं. समोरच्या काकूंनी सरांना दारात गाठलं आणि आवाज खाली आणत म्हणाल्या, "मला कळलं हो. वाईट वाटून घेऊ नका. आमच्या दिरांचंही सुटलं, तुमचंही सुटेल."

"काकू, मी व्यसनावर संशोधन करतोय!"

"हो हो, तसंच म्हणायचं असतं," काकू म्हणाल्या आणि त्यांच्या पाठीवर थोपटून आत गेल्या.

सरांचा संताप संताप झाला. त्यांनी तिथेच जिन्यात उभं राहून दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब घातले, तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं.

पुढचं लचांड नीतीसमितीचं. माणसांवर अभ्यास करायचा तर एक समिती हवी आणि त्या समितीत एक "सामान्य नागरिक" हवा, असा नियम होता. प्राचार्य तयार झाले, वकील मिळाला, ग्रंथपाल बाई मिळाल्या. सामान्य नागरिक काही मिळेना. आपण सामान्य आहोत हे मान्य करणारा माणूस शोधून पाहा म्हणजे कळेल. सरांनी खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मॅनेजरांना विचारलं. मॅनेजर ताडकन उभे राहिले. "सामान्य? चाळीस माणसं होती माझ्या हाताखाली!" त्यांची समजूत घालता घालता सरांचे दोन कप चहा जादा झाले. शेवटी "मानद सामान्य नागरिक" असं पत्रावर छापून देण्याच्या अटीवर ते आले.

आणि आले ते सगळ्यांच्या उरावरच बसले. पहिल्याच बैठकीत त्यांनी लाल पेन काढलं. "गोपनीयता म्हणजे गोपनीयता. माणसाचं नाव तर नकोच. औषधाचं नाव नको, वय नको, धंदा नको. तक्त्यात फक्त क्रमांक, किती वर्षं आणि किती गुण."

"पण मॅनेजरसाहेब, मग मला तरी कळणार कसं की..."

"तुम्हालाही कळायची गरज नाही. लोकांनी भरलेले कागद कंपाउंडरने गोळा करायचे, त्यानेच तपासायचे, त्यानेच कुलपात ठेवायचे."

झालं. या एका लाल रेघेने पुढचं सगळं महाभारत घडवलं.

अर्जासोबत किमान सात जणांची प्राथमिक माहिती हवी होती. सरांनी मेहनतीने वीस प्रश्नांची प्रश्नावली बनवली. संपत आलं की जीव कासावीस होतो का? एकाच दुकानातून घ्यायला संकोच वाटतो म्हणून दुकानं बदलता का? घरच्यांच्या नजरेआड ठेवता का? एक "हो" म्हणजे एक गुण. बाराच्या वर गेलात तर प्रकरण गंभीर. ही भरायला किती वेळ लागतो ते पाहावं म्हणून सर कॉलेजातल्या आपल्या खोलीत घड्याळ लावून बसले आणि एक प्रत स्वतःच भरायला घेतली. पदार्थाच्या जागी काहीतरी लिहायला हवं, म्हणून त्यांनी लिहिलं, नाकातले थेंब. नमुन्याची प्रत असली तरी खोटं लिहायचं नाही, हा शास्त्राचा बाणा. दुकानं बदलता का? हो. तीन दुकानं होती, पण ती आपली एकाच दुकानदारावर भार नको म्हणून. नजरेआड ठेवता का? हो, कारण दिसलं की बायको बोलते. सोडायचा प्रयत्न फसला का? हो, एकदा, लग्नाच्या वाढदिवसाला. सर भराभर लिहीत गेले, संमतीच्या चौकटीत खूण केली आणि घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं. उत्तम! तेवढ्यात समाज विभागातल्या बाईंचा फोन आला, सर उठून गेले आणि ती प्रत टेबलावर भरलेल्या कागदांसाठी ठेवलेल्या ट्रेमध्ये राहिली. पुढे ती त्यांच्या डोक्यातूनही गेली.

संध्याकाळी कंपाउंडर ट्रे उचलायला आला. गुरुवारच्या बैठकीतल्या सहा भरलेल्या प्रश्नावल्या त्याच्याकडे होत्या, सातवी कुठून आणायची याची त्याला काळजी होती. ट्रेमधला कागद त्याने पाहिला. अक्षर पाहिलं. ते शेपट्यांचं अक्षर फळ्यावर सगळ्या कॉलेजने पाहिलेलं. गुण मोजले. सतरा. एवढे कुणाचेच नव्हते, अगदी झोपेच्या गोळ्यांवाल्यांचेसुद्धा.

कंपाउंडर मटकन खुर्चीत बसला. त्याला वाटलं, सरांनी कबुली दिली! तोंडाने बोलता आलं नाही म्हणून बिचाऱ्यांनी गुपचूप कागद भरून ठेवला. त्याचे डोळे भरून आले. त्याने कागदावर क्रमांक सात टाकला, कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि अवाक्षर काढायचं नाही असं ठरवलं. नियम म्हणजे नियम.

दुसऱ्या दिवसापासून तो सरांशी फारच हळुवार वागायला लागला. पाणी आणून द्यायचा. जिन्यात हात धरायचा. एकदा म्हणाला, "सर, हळूहळू होतं. घाई करायची नाही."

"हो ना," सर म्हणाले, "ते पोर्टलच हळू आहे."

"आम्ही सगळे आहोत तुमच्या पाठीशी."

"अरे, मला माहीत आहे ते," सर म्हणाले. अनुदानासाठी या माणसाचा जीव किती तुटतोय, असं वाटून ते मनातून हलले.

मग तक्ता सरांच्या हातात आला. सात क्रमांक, वर्षं, गुण. सातव्यापुढे लिहिलं होतं, अकरा वर्षं, सतरा गुण. सर खुर्चीतून उठलेच. "काय केस आहे ही! कोण असेल रे हा?"

कंपाउंडर त्यांच्याकडे पाहतच राहिला. मग त्याला वाटलं, सर आपली परीक्षा घेतायत. "ज्याचं त्याने सांगायचं, सर."

"बरोबर, बरोबर," सर म्हणाले आणि रात्री जेवण झाल्यावर अर्जात सातव्या क्रमांकावर अख्खं एक पान लिहून मोकळे झाले. आयुष्यात त्यांनी एवढं सुंदर कधी लिहिलं नव्हतं. "हा माणूस कदाचित सुशिक्षित असेल, चार लोकांत मानाने वावरत असेल. आपण गुलाम आहोत हे त्याला ठाऊक नाही, आणि हीच त्याची खरी शोकांतिका आहे." बायकोला त्यांनी ते वाचून दाखवलं. तिने इस्त्री थांबवली, सरांच्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि म्हणाली, "छान लिहिलंय. अगदी समोर उभा राहिला." कंपाउंडरने ते पान बैठकीच्या खोलीत एकट्याने वाचलं आणि ढसाढसा रडला.

एप्रिलमध्ये संस्थेचं पत्र आलं. अर्ज पसंत आहे, पण सातव्या सहभागीचे आकडे फारच सोयीचे वाटतात. तो खरोखर आहे याची खात्री करायला संस्थेच्या तज्ज्ञ डॉक्टरबाई गुरुवारी सकाळी येतील. खात्री न झाल्यास अर्ज रद्द समजावा.

गुरुवारी डॉक्टरबाई आल्या. ठेंगण्या, चष्मा नाकाच्या टोकावर, शब्द मोजून बोलणाऱ्या. मोडक्या तराजूंच्या खोलीत टेबलाभोवती सगळे बसले: सर, कंपाउंडर आणि नीतीसमितीतर्फे मानद सामान्य नागरिक, टाय लावून.

"क्रमांक सात कोण?" बाईंनी सरळ विचारलं. "नाव बाहेर जाणार नाही. पण असा माणूस आहे की तुम्ही बनवलाय, एवढं मला कळायला हवं."

"बनवलाय?" सरांचा चेहरा लाल झाला. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत असा आरोप कुणी केला नव्हता. "कंपाउंडर, सांग यांना!"

कंपाउंडर उभा राहिला. "आहे तो, बाई. मी ओळखतो. पण मी सांगणार नाही. इथे ज्याचं त्याने सांगायचं असतं."

"मग माझा नाइलाज आहे," बाई म्हणाल्या आणि फाइल मिटायला लागल्या.

सर कंपाउंडरच्या कानाशी वाकले. "अरे वेड्या, खोली जाईल! तुझी नोकरी जाईल! ती बॅग आठव. कोण आहे तो? मी जाऊन त्याचे पाय धरतो!"

कंपाउंडरने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. गेले दोन महिने सर परीक्षा घेत नव्हते, त्यांना खरंच माहीत नव्हतं, हे आत्ता त्याच्या लक्षात आलं. तो पुटपुटला, "सर, पाय धरायला लांब नाही जावं लागणार." पण पुढे एक शब्द बोलला नाही. खोली जात होती, नोकरी जात होती, तरी पठ्ठ्या बोलला नाही.

एवढ्या गडबडीत सरांचं नाक गच्च झालं. त्यांनी सवयीने खिशातून बाटली काढली, मान मागे टाकली आणि उजवीकडे दोन, डावीकडे दोन असे थेंब घातले. मान सरळ केली तेव्हा डॉक्टरबाई फाइल मिटायची थांबून त्यांच्याकडेच बघत होत्या.

"सकाळपासून तिसऱ्यांदा," बाई म्हणाल्या. "कधीपासून घालता?"

"छे, फार नाही," सर रुमालाने नाक टिपत म्हणाले. "असतील अकरा वर्षं."

बोलून झालं आणि त्यांची नजर टेबलावरच्या तक्त्यावर गेली. क्रमांक सात. अकरा वर्षं. त्यांना ट्रे आठवला. घड्याळ आठवलं. उशी, डिकी, खण, फळी आणि खिसा आठवला. काकूंचं थोपटणं आठवलं, आणि बायको इस्त्री थांबवून कशी पाहत होती तेही आठवलं. अगदी समोर उभा राहिला म्हणे!

सरांना अजूनही निसटता आलं असतं. "हा योगायोग आहे" म्हणायचं, अर्ज रद्द होऊ द्यायचा, आणि टाय लावलेल्या मॅनेजरांसमोर, स्वतःच्या शिष्यासारख्या माणसासमोर, परक्या बाईंसमोर ताठ मानेने बाहेर पडायचं. सरांना त्या क्षणी जमीन दुभंगावी असं वाटलं. त्यांनी कंपाउंडरकडे पाहिलं. तो खाली मान घालून उभा होता, सर काय करतील ते आपण पाहू नये म्हणून.

सर उभे राहिले. "बाई," ते म्हणाले, आणि आवाज फुटेना म्हणून पुन्हा म्हणाले, "बाई, सातवा मीच. तो गुलाम वगैरे लिहिलाय ना, तो मी. मला ठाऊक नव्हतं, हे मात्र मी अगदी बरोबर लिहिलंय."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण त्या सरकारी बाई होत्या, त्यांनी ते आवरलं. "सहभागी खरा आहे, हे मान्य. पण सर, संशोधकाला स्वतःच सहभागी होता येत नाही. म्हणजे राहिले सहा. किमान सात हवेत."

कंपाउंडर खालीच बसला. सरांनी सत्तावीस वर्षांची इभ्रत टेबलावर ओतली होती आणि ती नियमात बसत नव्हती!

तेवढ्यात मॅनेजर खाकरले. त्यांनी टाय सैल केला. "मी म्हणतो, पोट साफ व्हायच्या गोळ्या चालतील का?"

सगळे त्यांच्याकडे वळले.

"नाही, आपलं विचारतोय," मॅनेजर छताकडे बघत म्हणाले. "रोज सहा. एकोणीस वर्षं. गाडीचा प्रवास करायचा झाला तर आधी गोळ्या मोजतो, मग तिकीट काढतो. मुलाच्या लग्नात डबी घरी राहिली म्हणून मी मंडपातून परत आलो होतो. आमची ही आजवर रागावून आहे."

"पण तुम्ही नीतीसमितीवर आहात," बाई म्हणाल्या.

"राजीनामा देतो."

"लेखी द्या."

मॅनेजरांनी लाल पेन काढलं आणि तिथल्या तिथे लिहून दिलं. मानद हा शब्द त्यांनी स्वतःच खोडला. प्रश्नावली भरायला त्यांना नऊ मिनिटं लागली. गुण पडले अठरा, आणि सरांपेक्षा एक जास्त आहे हे ऐकून त्यांना किंचित समाधान वाटलेलं सगळ्यांनी पाहिलं.

जूनच्या आधी मंजुरी आली. मागितलं होतं त्याच्या निम्मं मिळालं, पण खोली राहिली आणि कंपाउंडरच्या हातात नेमणुकीचं पत्र पडलं. झेरॉक्स मशीन आता जिन्याखाली बसतं.

थेंब एकदम सुटत नाहीत, एकेक नाकपुडी सोडवावी लागते, हे सरांना कंपाउंडरनेच सांगितलं. आधी डावी, मग उजवी. बायको रोज सकाळी चहा देताना विचारायची, "डावी कशी आहे?" बाटल्या एकेक करून तिच्याकडे जमा झाल्या. खिशातली सगळ्यात शेवटी गेली. समोरच्या काकू जिन्यात भेटल्या तेव्हा सर स्वतःच थांबले आणि म्हणाले, "काकू, तुमचं बरोबर होतं." काकू म्हणाल्या, "मी कुठे काय म्हणाले?" आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीला सांगून आल्या.

मग एका गुरुवारी दुपारी सर त्या खोलीत गेले, टेबलामागे नाही, भिंतीलगतच्या रांगेतल्या खुर्चीवर बसायला. शेजारी मॅनेजर होते. सरांची पाळी आली. बसून बोलायची पद्धत होती, पण सत्तावीस वर्षांच्या सवयीने ते उभे राहिले. "डावी सुटून एकवीस दिवस झाले," ते तोंडाने श्वास घेत म्हणाले. "उजवीचा आज चौथा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरांनी जरा जोरातच वाजवल्या.

बैठक संपल्यावर सर खुर्च्या लावत होते. कंपाउंडर कपाटाला कुलूप घालता घालता पाठमोराच म्हणाला, "सर, एक सांगायचं राहिलं. काल बायकोने बॅग रिकामी केली. कपडे कपाटात लावले. बॅग माळ्यावर टाकली."

सर खिडकीकडे वळले आणि रुमाल शोधायला लागले, कारण खिशात आता फक्त रुमालच होता. अकरा वर्षं बंद असलेलं त्यांचं नाक घळाघळा वाहत होतं. दोन्ही बाजूंनी.